कुत्रे, मालक आणि शेजारी



या व्याख्यानमालेत गेल्या काही दिवसांत आपण गीतेवर ऐकले, शेतमालाच्या भावांवर ऐकले, आणि आज एक वकील कुत्र्यांवर बोलणार म्हणून काही मंडळी गालातल्या गालात हसत आली आहेत, हे मी इथून पाहतो आहे. हसायला माझी हरकत नाही. पण सातारा असो की सांगली, गावाबाहेर उठलेल्या नव्या वसाहतींतून संध्याकाळी एक चक्कर मारा. दर पाचसहा फाटकांनंतर एक पाटी दिसेल : ‘कुत्र्यापासून सावध’. त्या पाटीमागे पूर्वी गावठी कुत्रे असे; आता रॉटवायलर असतो, डोबरमन असतो, क्वचित पिटबुलही असतो. या पाटीचा कायद्यात अर्थ काय आणि व्यवहारात अर्थ काय, एवढाच आज माझा विषय आहे. कुत्री पाळण्याचा नाद आमच्या घरात दोन पिढ्यांचा आहे, त्यामुळे मी कुत्र्यांच्या बाजूचा आहे हे आधीच सांगून टाकतो. ते लक्षात ठेवूनच माझे बोलणे ऐकावे.

आपल्याकडे कुत्र्याचे स्थान मोठे विचित्र आहे. कृष्णाकाठी औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला जाणारा माणूस दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री पाहतो आणि ते चार वेद आहेत असे मुलांना समजावून सांगतो. पालीच्या खंडोबाबरोबर कुत्रा आहे, काळभैरवाचे तर ते वाहनच. आणि देवळातून बाहेर पडल्यावर तोच माणूस दुसऱ्याला शिवी देताना कुत्र्याचेच नाव घेतो. पूजा आणि शिवी यांच्यामधली जी जागा आहे, म्हणजे रोजचे खाणे, फिरवणे, शिस्त आणि जबाबदारी, ती मात्र आपण बहुधा रिकामी ठेवली.

ही जागा भरून काढणारा एक मालक साताऱ्यातच होऊन गेला, आणि तो साधासुधा नव्हे, छत्रपती होता. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठी शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. ग्रँट डफ हा सातारच्या दरबारी इंग्रजांचा अधिकारी होता आणि त्याने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्या इतिहासात या कुत्र्याची हकिकत आहे. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावाने रीतसर सनदा करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. पालखी म्हटली की भोई आले, त्यांचा पगार आला. तो सगळा सरंजाम प्रत्यक्षात ठेवला होता, असे डफ लिहितो. त्याला हा वेडेपणा वाटला. मला त्यात एक शहाणपण दिसते. कुत्रा आपला म्हटल्यावर त्याच्या खर्चाची, चाकरीची आणि देखरेखीची तजवीज लेखी असली पाहिजे, हे त्या राजाला कळले होते. आज आपण चाळीस हजारांचे पिल्लू आणतो आणि त्याला फिरवायचे कोणी, यावर घरात पहिल्या आठवड्यापासून भांडणे होतात.

पण त्याच इतिहासात दुसरी एक गोष्ट आहे. भर दरबारात सरदारांची भेट व्हायची होती, तेव्हा महाराजांनी त्या कुत्र्याला जरतारी वस्त्रे आणि जवाहीर घातले आणि आपले पागोटे उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवले. डफ म्हणतो की तेव्हा महाराजांचे चित्त ठिकाणावर नव्हते. ते काही असो. आपले पागोटे कुत्र्याच्या डोक्यावर ठेवण्याची ही रीत मात्र अजून मोडलेली नाही, आणि ती करणारे आज चांगले शुद्धीवर असतात. आपला दरारा, आपली श्रीमंती, आपल्याला कोणी हटकू नये ही इच्छा, हे सारे माणूस कुत्र्याच्या डोक्यावर चढवतो आणि त्याला फाटकाशी बांधतो. कुत्र्याने मग तेवढा दरारा दाखवावाच लागतो.

आता आपल्या भागातल्या खऱ्याखुऱ्या कडक कुत्र्यांकडे वळू. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतून ज्यांनी रात्रीचा प्रवास केला असेल, त्यांना मेंढ्यांच्या वाड्याजवळ पाऊल टाकायचे नसते, हे सांगायला नको. धनगराचा कुत्रा लांडग्याशी भिडणारा. लांडगा नरडे धरतो म्हणून त्याच्या गळ्यात कित्येकदा खिळ्यांचा पट्टा असतो. ‘धोकादायक’ हा शब्द लावायचाच तर या कुत्र्याला आधी लावावा लागेल. आणि तरी धनगरांच्या तळावर उघडीनागडी पोरे त्याच कुत्र्याच्या अंगावर लोळतात. असे का होते? त्याचे पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढ्यांत, पोरांत आणि मोठ्या कुत्र्यांत वाढते. त्याला काम आहे आणि दिवसाला कोसच्या कोस चाल आहे. मुख्य म्हणजे त्याचा मालक सदैव हाकेच्या अंतरावर आहे. तुम्ही वाड्याजवळ गेलात की कुत्रा उठतो, गुरगुरतो, आणि धनगर घोंगडीतून आवाज देतो, ‘कोण हाय?’ कुत्रा आणि मालक मिळून ती राखण होते. एकट्या कुत्र्यावर सोपवलेली ती राखण नव्हे.

दुसरी जात कारवानची. सांगली, जत, सोलापूर आणि पलीकडे कर्नाटकात मुधोळपर्यंत हे लांबट तोंडाचे, बारीक कमरेचे शिकारी कुत्रे आहे. केसाळ असले की त्याला पश्मी म्हणतात. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि तिची एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला नजर केली. तेव्हापासून जगात तिला ‘मुधोळ हाऊंड’ म्हणतात. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत ती होती, आणि २०१६ पासून लष्कराने मीरतच्या आपल्या केंद्रात मुधोळची पिल्ले शिकवायला घेतली. हे कुत्रे परक्याने हात लावलेला सहन करत नाही. जतच्या माळावर ही काही खोड नव्हे. तिथे परका माणूस दिवसातून एकदा भेटतो. तेच कुत्रे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ठेवले, जिन्यात रोज वीस परकी माणसे भेटू लागली आणि पळायला जागा उरली नाही, की सहा महिन्यांत ‘कारवान वाईट’ असे म्हणायला आपण मोकळे.

विलायती जातींची कथाही ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात बदनामी एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर सरकत जाते. आमच्या लहानपणी भीतीचा कुत्रा म्हणजे अल्सेशियन. माक्स फॉन श्टेफानित्स नावाच्या एका निवृत्त जर्मन कप्तानाने १८९९ मध्ये मेंढपाळांच्या कुत्र्यांतून ही जात बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धानंतर ‘जर्मन’ हा शब्दच नकोसा झाला म्हणून इंग्रजांनी तिला अल्सेशियन हे नाव दिले. ऑस्ट्रेलियाने तर १९२९ पासून चाळीस वर्षांहून अधिक काळ या कुत्र्याच्या आयातीवर बंदी घातली होती. तो लांडग्याच्या रक्ताचा आहे आणि मेंढ्या फाडील, अशी समजूत होती. आज तोच कुत्रा पोलिसांत आहे, आंधळ्यांना वाट दाखवतो, आणि आपल्याकडे तर तो पेन्शनरांचा सोबती झाला आहे.

अल्सेशियननंतर डोबरमन आला. जर्मनीत आपोल्डा गावी डोबरमन नावाचा एक करवसुली करणारा माणूस होता. वसुलीला जाताना सोबतीला तिखट कुत्रे असावे म्हणून त्याने ही जात तयार केली. (करवसुली आणि कुत्रा यांचा संबंध इतका जुना आहे, हे वाचून मला तरी नवल वाटले नाही.) मग आला रॉटवायलर. तो रोटवाइल गावच्या खाटकांची गुरे हाकणारा आणि गाड्या ओढणारा. आणि शेवटी पिटबुल. त्याचा जन्म मात्र खरोखरच वाईट हेतूने झाला. इंग्लंडात बैलावर कुत्री सोडण्याचा खेळ १८३५ च्या कायद्याने बंद झाला, तेव्हा शौकिनांनी बुलडॉग आणि टेरियर यांचा संकर करून खड्ड्यात कुत्र्यांचीच झुंज लावायला सुरुवात केली. ‘पिट’ म्हणजे तो खड्डा.

म्हणून पिटबुल हा जन्मजात खुनी ठरतो का? अमेरिकेत २००७ मध्ये एका नामांकित फुटबॉलपटूच्या झुंजीच्या अड्ड्यावरून सुमारे पन्नास पिटबुल जप्त झाले. सगळे मारून टाकावेत, असे पुष्कळांचे म्हणणे होते. न्यायालयाने प्रत्येकाची वेगवेगळी तपासणी करवली. त्यांतले बहुतेक जगले, काही आश्रमांत राहिले, आणि काही तर मुलाबाळांच्या घरांत नांदले. एप्रिल २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारून आणि दोन हजारांवर कुत्र्यांची जनुके तपासून तो केला होता. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के जातीने समजतो, असा त्याचा निष्कर्ष.

इथे आमच्या कुत्रेप्रेमी मित्रांनी टाळ्या वाजवू नयेत, कारण पुढचे वाक्य त्यांना आवडणार नाही. जात काहीच नाही असे म्हणणे ही लबाडी आहे. चावण्याची शक्यता एक, आणि चावल्यावर होणारी इजा दुसरी. पॉमेरेनियन दहा वेळा चावेल आणि दहा वेळा टिंक्चर लावून भागेल. पन्नास किलोचा रॉटवायलर नर आयुष्यात एकदाच चावेल, पण समोर चार वर्षांचे मूल असेल तर ते एकदाच पुरते. झुंजीसाठी निवडलेल्या जातीची पकड एकदा बसली की लवकर सुटत नाही. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका ब्याऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा घरातल्याच पिटबुलने जीव घेतला. कुत्रा मुलाने पाळलेला होता आणि त्या घरात एकट्या होत्या. तेव्हा ‘माझा राजा कोणाला काही करत नाही’ हे वाक्य ज्याच्या तोंडी आहे, त्याने ‘केले तर काय होईल’ याचा हिशोब कुत्र्याच्या वजनावरून मांडावा. बंदुकीचा परवाना आणि गुलेलीचा परवाना सारखा नसतो.

सरकारने यावर काय केले, तेही सांगतो. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना एक परिपत्रक धाडले. तेवीस जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवावी आणि घरोघरी आधीच असलेल्या या जातींच्या कुत्र्यांची नसबंदी करावी, असे त्यात होते. यादीत पिटबुल होता, रॉटवायलर होता. आणि मौज अशी की तुर्कस्तानच्या मेंढपाळांचा कांगलही होता, म्हणजे आपल्या धनगरी कुत्र्याचा परदेशी चुलतभाऊ. महिन्याभरात, १० एप्रिलला, कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही आणि अशी बंदी घालण्याचा अधिकार परिपत्रकाला पोचत नाही, असा त्याचा मथितार्थ.

माझे मत विचाराल तर निकाल योग्य होता, आणि त्याने प्रश्न मात्र जिथल्या तिथे राहिला. यादी करून बंदी घालण्याचा प्रयोग इंग्लंडने १९९१ पासून केला. चार जाती लिहिल्या : पिटबुल, जपानी तोसा, अर्जेंटिनाचा डोगो आणि ब्राझीलचा फिला. मग लोकांनी यादीत नसलेला नवाच दांडगा कुत्रा पैदा केला, एक्सएल बुली नावाचा. त्याने माणसे मारली तेव्हा १ फेब्रुवारी २०२४ पासून तोही यादीत गेला. आता पुढचा कोणता येईल तो येईल. नेदरलँड्सने १९९३ मध्ये घातलेली पिटबुलबंदी २००८ मध्ये सोडून द्यायचे ठरवले, कारण चाव्यांची संख्या काही कमी होईना. ज्याला कुत्र्यात आपला दरारा हवा आहे, त्याला एक जात बंद झाली तर दुसरी मिळते. गावठी कुत्र्यालाही साखळीला बांधून, उपाशी ठेवून आणि काठीने डिवचून हिंस्र करता येते. ती विद्या आपल्याकडे पुष्कळांना अवगत आहे.

ही विद्या कशी चालते ते पाहू. पिल्लाच्या आयुष्यातले साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस सोन्याचे असतात. त्या दिवसांत जी माणसे, जे आवाज, जी जनावरे त्याने पाहिली, ती त्याला जन्मभर आपली वाटतात. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी पुष्कळ वर्षे पिल्ले वाढवून हे दाखवले आणि १९६५ मध्ये ग्रंथ लिहिला. धनगराला ग्रंथावाचून ते ठाऊक होते. आपण काय करतो? पाच आठवड्यांचे, आईचे दूध न सुटलेले पिल्लू खोक्यात घालून एसटीने आणतो. ‘लोकांत मिसळले तर राखण करणार नाही’ म्हणून त्याला मागच्या पडवीत एकटे ठेवतो. थोडे मोठे झाले की फाटकाजवळ तीन हात साखळीला बांधतो. समोरून रस्ता जातो, पोरे खडे मारतात, आणि ते ना पळू शकते ना गाठू शकते. दिवसभर तो राग साठतो. भुंकले की मालक शाबासकी देतो आणि पाहुण्यावर गुरगुरले की लाथ घालतो. गुरगुरणे ही कुत्र्याची नोटीस आहे, श्रोतेहो! आम्हा वकिलांना नोटिशीची किंमत ठाऊक असते. नोटीस दिल्याबद्दल ज्याने मार खाल्ला, तो पुढच्या वेळी नोटीस देत नाही, सरळ कारवाई करतो. आणि लोक म्हणतात, ‘काही न करता एकदम चावला.’

शेपूट हलते म्हणजे कुत्रा खूश आहे, हाही एक गैरसमज मुलांच्या मनातून काढून टाकावा. अंग ताठ, तोंड मिटलेले, डोळ्याचे पांढरे दिसते आहे आणि शेपूट उंच ताठ धरून थरथरते आहे, अशा कुत्र्यापासून हळूच मागे व्हावे. पळू नये, किंचाळू नये, डोळ्याला डोळा लावू नये. आणि कुत्रा खात असताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना, तो कितीही ओळखीचा असो, मुलाला त्याच्याजवळ एकटे सोडू नये. लहान मुलांना चावणारी कुत्री बहुतेक ओळखीचीच असतात.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे सल्ल्याला आले. गाव सांगू नये, माणूसही सांगू नये. त्यांच्या रॉटवायलरने दूध घालायला येणाऱ्या अकरा वर्षांच्या पोराचा हात फाडला होता. फाटक उघडेच असे. रोज त्याच वेळी पोरगा येई, किटली ओट्यावर ठेवी आणि जाई. त्या दिवशी साखळीची कडी निसटली. गृहस्थांचा प्रश्न असा : ‘वकीलसाहेब, मी तर पाटी लावली आहे. कुत्र्यापासून सावध. ठळक लाल अक्षरात. मग माझी जबाबदारी उरतेच कुठे?’

मी त्यांना म्हटले, ‘साहेब, ती पाटी आधी काढून ठेवू नका, आणि ती तुमच्या बचावाची आहे असेही समजू नका. ती तुमच्याविरुद्धचा पहिला पुरावा आहे. कुत्रा चावरा आहे हे तुम्हाला माहीत होते, हे तुम्ही स्वतःच्या हाताने फाटकावर लिहून ठेवले आहे.’

ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘जातच तसली हो.’ मी विचारले, ‘जात तसली हे माहीत होते, तर कडी कधी तपासली होती?’ त्याला उत्तर नव्हते. पोराच्या बापाला दवाखान्याचा खर्च आणि वर काही रक्कम देऊन प्रकरण आपसांत मिटले. त्या हाताच्या दोन बोटांना नीट मूठ मात्र वळत नाही. कुत्र्याचे काय झाले? गृहस्थ त्याला गाडीत घालून रात्री एका घाटात सोडून आले, आणि हे त्यांनी मला जणू प्रायश्चित्त केल्याच्या सुरात सांगितले. पाळलेले जनावर असे टाकून देणे हाही १९६० च्या प्राणिक्लेश कायद्याने गुन्हा आहे, हे मी त्यांना सांगितले. आणि घाटाखालच्या वाडीतल्या पोरांनी कोणाचे काय बिघडवले होते, हेही विचारले.

कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांना वाटते की कायदाच नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ पाहा. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा शरीराला धोका होऊ नये एवढी काळजी जो जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेत हेच २८९ होते आणि दंड हजार रुपये होता. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, हिंस्र कुत्रे मुसक्यावाचून मोकळे सोडू नये आणि कुत्रे कोणाच्या अंगावर घालू नये, असे आहे. नीट ऐका, यांतल्या एकाही कायद्यात जातीचे नाव नाही. सारे मालकाच्या वागणुकीबद्दल आहे. आणि प्राणिक्लेश कायद्याच्या अकराव्या कलमात आणखी एक गोष्ट आहे, जी मी सांगितली की लोकांना खोटी वाटते : कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने वाजवी व्यायाम दिला नाही, तर तोही गुन्हा आहे. या कलमाखाली खटले भरायचे ठरवले तर आपल्या दोन्ही शहरांतल्या कोर्टांना दुसरे काम उरणार नाही.

महानगरपालिकांच्या १९४९ च्या कायद्यात कुत्र्यांवर कर बसवण्याची तरतूद आहे. माझी सूचना अशी की ती वापरावी, पण कर जातीवर न बसवता परवान्याची अट मालकावर घालावी. कुत्रा पंचवीस किलोंच्या वर जाणारा असेल, तर मालकाने आधी दाखवावे की कुंपण किती उंच आहे, दुहेरी फाटक आहे का, कुत्र्याला फिरवणारा कोण आहे. हे शेवटचे फार महत्त्वाचे. पन्नास किलोचा कुत्रा आणि त्याच्या पट्ट्याचे टोक धरलेला चौदा वर्षांचा मुलगा किंवा साठीची कामवाली, हे दृश्य मी दर सकाळी पाहतो. कोण कोणाला फिरवते आहे, असा प्रश्न पडतो. घरातला जो माणूस त्या कुत्र्याला ताकदीने आणि शब्दाने आवरू शकतो, त्यानेच तो बाहेर न्यावा. गर्दीत मुसके बांधावे. मुसके बांधले की कुत्र्याचा अपमान होतो, असे काही मालकांना वाटते. बैलाला मळणीत मुसके बांधणाऱ्या आपल्या लोकांना त्यात अपमान कसला वाटावा! लहानपणापासून खाऊ देत देत सवय लावली, तर कुत्रा आनंदाने तोंड पुढे करतो.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलताना मला संकोच वाटतो. या कुत्र्यांकडून चावून घेणारी माणसे कोण असतात? दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, विजेचे मीटर वाचणारा, भांडी घासणारी बाई, सामान पोचवणारा पोरगा. मोटारीतून येणाऱ्या पाहुण्याला मालक स्वतः फाटकापर्यंत येऊन आत नेतो, कुत्र्याला ‘बस’ म्हणतो. मळक्या कपड्याचा, पायी आलेला माणूस मात्र एकटाच आत येतो, आणि कुत्रा कोणावर भुंकायचे ते मालकाच्या चेहऱ्यावरूनच शिकतो. कुत्र्याला जातपात कळत नाही. ती त्याला घरातूनच शिकवली जाते. ज्यांना आपण रोज कामासाठी घरी बोलावतो, त्यांची आणि कुत्र्याची ओळख करून देणे, किंवा त्यांच्या वेळेला कुत्रा आत ठेवणे, एवढे तरी ज्याच्याने होत नाही, त्याने कुत्रा पाळू नये. मी तर म्हणेन, कासवही पाळू नये. तेही कोणाच्या तरी पायात यायचे.

आता शेवटचा भाग, आणि तो कृपा करून घरी जाऊन सगळ्यांना सांगा. कुत्रा चावलाच, मग तो लस दिलेला असो, ओळखीचा असो, उंची जातीचा असो, तर आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा मिनिटे. हळद, चुना, तिखट, तेल काही भरू नये. मग तडक सरकारी दवाखाना गाठावा. पोटातली ती चौदा इंजेक्शने वडील मंडळींना आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती लस आपल्या देशात या शतकाच्या पहिल्याच दशकात बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा टोचतात, आणि जखम खोल असेल, रक्त आले असेल, तर त्याच दिवशी जखमेत सीरम देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. म्हणून ‘बघू दोन दिवस’ हे वाक्य या रोगात चालत नाही. कुत्र्याला मारू नये आणि सोडूनही देऊ नये. दहा दिवस नजरेखाली ठेवावे. तो त्या काळात ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रोग नव्हता असे डॉक्टर धरतात आणि पुढची टोचणी ठरवतात.

या दहा दिवसांत मालकाने काय करावे? लसीचे पुस्तक घेऊन, चावलेल्या माणसाबरोबर स्वतः दवाखान्यात जावे आणि लस चुकली असेल तर डॉक्टरांना खरे सांगावे. सगळ्या टोचण्यांचा खर्च द्यावा, आणि त्या माणसाचे जितके दिवस बुडतील तितक्या दिवसांची मजुरीही द्यावी. दूधवाल्याची पोरे दवाखान्याच्या ओळीत उभी राहतात तेव्हा त्यांच्या घरचा रतीब कोण घालतो, याची चौकशी त्याच दिवशी संध्याकाळी जाऊन करावी.